देवापुढे उभे राहताना

ख्रिस्ती उपासनेत एक शब्दप्रयोग वारंवार कानी पडतो : देवाचे भय. जो ख्रिस्ती नाही त्याला तो खटकतो, आणि ख्रिस्ती घरात वाढलेल्या तरुणांनाही आताशा तो खटकू लागला आहे. देव हा प्रेमळ पिता आहे असे एका तोंडाने सांगायचे आणि त्याचे भय धरा असे दुसऱ्या तोंडाने बजावायचे, या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा? वसंत व्याख्यानमालेत आम्ही हाच प्रश्न मांडावयास घेतला याला एक कारण आहे.

आम्ही धर्मशास्त्राचे पंडित नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. जे वाचन झाले ते पाळी संपल्यानंतर, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर. बाकीचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. या कामात सभेची सुरुवात कशानेही झाली तरी शेवट एकाच सांगण्याने होतो : भिऊ नका. मुकादमाला भिऊ नका, साहेबाला भिऊ नका, नोटीस आली म्हणून भिऊ नका. आठवड्याचे सहा दिवस लोकांच्या मनातून भय काढण्याची खटपट करणाऱ्या माणसाने सातव्या दिवशी प्रार्थनामंदिरात जाऊन "हे देवा, आम्हांस तुझे भय धरावयास शिकव" अशी प्रार्थना कशी करावी? ही अडचण केवळ आमची असती तर ती आम्ही घरी सोडविली असती. पण धर्माच्या नावाने भय घालून गरिबाला गप्प बसविण्याचा धंदा सर्व धर्मांत चालत आला आहे. म्हणून या शब्दाचा खरा अर्थ काय, हे चारचौघांत स्पष्ट झालेले बरे.

प्रथम मराठी शब्दांकडेच पाहू. आपल्या भाषेत भीती आहे, धाक आहे, दरारा आहे, भीड आहे, आदर आहे. अंधारात साप दिसला की भीती वाटते. सावकाराचा धाक असतो. फौजदाराचा दरारा असतो. वडील माणसांची भीड असते. त्यांनी मारण्याचा प्रश्न नसतो, तरी त्यांच्यासमोर शब्द जपून निघतो. ख्रिस्ती शास्त्रात ज्याला देवाचे भय म्हटले आहे ते यांपैकी कोणते? धाक तर नव्हेच. भीडेच्या ते जवळ आहे, पण भीडेहून खोल आहे.

आपल्या साखरपट्टीतलेच उदाहरण घेतो. कारखान्याच्या बॉयलरवर वीस-पंचवीस हंगाम काढलेला कामगार पाहा. तो बॉयलरला भीत नाही. भीत असता तर पहिल्याच हंगामात गावी परतला असता. बगॅसच्या धगीशेजारी बसून तो भाकरी खातो. परंतु इतक्या वर्षांच्या सलगीनंतरही पाण्याची पातळी आणि दाबाचा काटा पाहिल्यावाचून तो पाठ फिरवीत नाही. आपल्यासमोर जे आहे ते आपल्याहून फार मोठे आहे, त्याच्याशी थट्टा चालत नाही, आणि त्याच्याच बळावर सारा कारखाना चालतो, हे तो जाणतो. या जाणिवेला भीती म्हणता येत नाही आणि नुसता आदर म्हणूनही भागत नाही. बॉयलर निर्जीव आहे, त्याला दया नाही. तेव्हा हा दाखला फार ताणू नये. पण शब्दाचा रोख कोणीकडे आहे हे त्यावरून कळेल.

आता पवित्र शास्त्रातले काही प्रसंग पाहू. मोशे हा मेंढरे राखणारा माणूस रानात एक झुडूप जळताना पाहतो. ते जळते आहे, पण जळून जात नाही. तो जवळ जाऊ लागतो तो वाणी होते की पायांतले जोडे काढ, ही भूमी पवित्र आहे. मोशे तोंड झाकून घेतो. यशया नावाच्या संदेष्ट्याला, उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी, मंदिरात देवाच्या सिंहासनाचे दर्शन होते. उंबरे हादरतात, धुराने मंदिर भरून जाते, आणि आपले ओठ अशुद्ध आहेत हे जाणून तो कळवळतो. याकोब घरातून पळालेला आहे. उशाला धोंडा घेऊन उघड्यावर निजतो, स्वप्नात स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी पाहतो, आणि जागा झाल्यावर ती जागाच त्याला भयप्रद वाटते.

या तिन्ही कथांत भय आहे, पण कथा भयापाशी थांबत नाही. याकोबाला सोबतीचे वचन मिळते. यशयाच्या ओठांना वेदीवरचा निखारा लावून त्याचा दोष दूर केला जातो, आणि मग 'कोणाला पाठवू' असे विचारले जाते तेव्हा तोच पुढे होतो. मोशेला तर सरळ इजिप्तच्या राजाकडे धाडले जाते. म्हणजे क्रम असा : आधी माणूस थरारतो, मग त्याला धीर दिला जातो, आणि मग त्याला काम सांगितले जाते. धाक घालणाऱ्याची रीत याच्या उलट असते. धाकाने माणूस जागच्या जागी बसतो. या भयाने तो उठतो आणि चालू लागतो.

हा अनुभव एकाच धर्माचा नाही, हे गीता वाचणाऱ्यांस सांगावयास नको. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन कापू लागतो. आजवर ज्याला मित्र म्हणून हाक मारली, खेळताना, जेवताना, उठता-बसता ज्याची थट्टा केली, तो असा आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते, म्हणून तो क्षमा मागतो. आणि लगेच विनवितो की तुझे ते ओळखीचे सौम्य रूप मला पुन्हा दाखव. जवळीक आणि भय यांची ही ओढाताण आपल्याकडे कीर्तनकार शतकानुशतके समजावून सांगत आले आहेत. रुडॉल्फ ओटो या जर्मन पंडिताने १९१७ साली 'पवित्र' या एकाच कल्पनेवर एक ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, जे खरोखर पवित्र आहे ते माणसाला एकाच वेळी मागे सारते आणि जवळ ओढते. यांतले एक काढून टाकले की दुसरेही खोटे होते. विशेष हे की या ग्रंथात ओटोने गीतेच्या याच अध्यायाचा दाखला घेतला आहे.

आता आमच्या मूळ अडचणीकडे वळू. देवाचे भय आणि धन्याचे भय यांचा संबंध काय? शास्त्रातला पहिला दाखला दोन सुइणींचा आहे. शिप्रा आणि पुवा ही त्यांची नावे. इजिप्तच्या राजाने हुकूम सोडला की इब्री बाईला मुलगा झाला तर त्याला जन्मताच मारून टाका. या दोघींनी तो हुकूम पाळला नाही. का पाळला नाही, याचे कारण निर्गमाच्या पुस्तकात स्पष्ट दिले आहे : त्यांना देवाचे भय होते. राजाने जाब विचारला तेव्हाही त्या डगमगल्या नाहीत. देवाचे भय मनात बसले म्हणून राजाचे भय गेले. एका मनात दोन धनी राहत नाहीत. संघटनेच्या कामात आम्ही हे पुष्कळदा पाहिले आहे. जो माणूस कशालाच मानीत नाही तो फार धीट असतो असा समज आहे. पण कसोटीच्या वेळी टिकतो तो बहुधा असा माणूस, की ज्याच्या मनात साहेबाहून मोठे काहीतरी आहे. ते दैवत असो, तत्त्व असो, की दिलेला शब्द असो.

याच पुस्तकात पुढे जी हकीकत आहे ती कोणत्याही कामगाराला ओळखीची वाटेल. मोशे आणि अहरोन राजाकडे जाऊन उपासनेसाठी लोकांना तीन दिवसांच्या वाटेवर रानात जाऊ द्या अशी मागणी करतात. राजा म्हणतो, हे लोक आळशी झाले आहेत म्हणून यांना उपासना सुचते. आणि तो हुकूम काढतो की विटांसाठी आजवर मिळणारा पेंढा यापुढे मिळणार नाही, तो त्यांनीच गोळा करावा, पण विटांची संख्या मात्र एकानेही कमी होता कामा नये. रजा मागितली तर कामाचा बोजा वाढविला, ही गोष्ट तीन हजार वर्षांपूर्वीची आहे, पण तीत नवल वाटण्यासारखे काही नाही. येथे भाषेचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. इब्री भाषेत 'अवोदा' हा एकच शब्द मजुरी, चाकरी आणि उपासना या तिन्ही अर्थांनी येतो. तेव्हा त्या कथेतला प्रश्न असा होतो की, हे लोक अवोदा कोणाची करणार, विटा मोजणाऱ्याची की देवाची? देवापुढे वाकणे म्हणजे माणसापुढे वाकण्याचे नाकारणे, हा अर्थ ख्रिस्ती उपासनेच्या मुळाशी आहे.

सातव्या दिवसाच्या विश्रांतीची आज्ञा याच इतिहासातून आली. अनुवादाच्या पुस्तकात ती सांगताना धन्याबरोबर दास, दासी, परका आणि बैलदेखील मोजला आहे. कारण तुम्हीही एके काळी इजिप्तमध्ये दास होता, असे तेथे म्हटले आहे. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगडण्यामुळे, १० जून १८९० रोजी. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते; रविवार हा खंडोबाचा वार आहे, हे त्यांच्या मागणीमागचे एक कारण होते. जेजुरीला जाणारा भक्त आणि प्रार्थनामंदिरात जाणारा ख्रिस्ती या दोघांनाही त्यांच्या देवाचा दिवस एका कामगार पुढाऱ्याने मिळवून दिला, हे आपण विसरू नये.

येथवरचे दाखले बहुतेक जुन्या करारातले झाले. येशूने यात काय बदल केला? त्याने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना सर्वांस ठाऊक आहे. तिची सुरुवात देवाला पिता म्हणून होते, आणि पहिली मागणी त्याचे नाव पवित्र मानले जावे अशी आहे. भाकरीची मागणी नंतर येते. जवळीक आणि आदर, दोन्ही पहिल्या श्वासातच आहेत. येशूच्या मरणाच्या वेळी यरुशलेमच्या मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला असे शुभवर्तमानात सांगितले आहे. त्या पडद्याआडच्या जागेत वर्षातून एकदाच, तेही फक्त महायाजकाने, जावयाचे असे. पडदा फाटला याचा अर्थ वाट सर्वांना मोकळी झाली. कोळ्याला, जकातदाराला, परजातीच्या बाईला, सर्वांना. परंतु वाट मोकळी झाली म्हणजे जागा साधी झाली असे नव्हे. हाच मुद्दा नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या शेवटी आहे. तेथे लेखक सांगतो की आपल्याला न हलणारे राज्य मिळाले आहे, म्हणून आपण कृतज्ञ असावे आणि आदराने व भयाने देवाची सेवा करावी. कारण देव हा भस्म करणारा अग्नी आहे.

या ओळींवर पुष्कळ प्रवचने होतात, आणि बहुधा ती येथेच थांबतात. पण पत्रांना अध्याय नव्हते. ते तेराव्या शतकात पाडण्यात आले. मूळ वाचणारा न थांबता पुढे वाचीत असे, आणि पुढे लगेच काय आहे? बंधुप्रेम टिकवा. परक्या माणसाला घरात घ्या. तुरुंगात असलेल्यांची, आपणही त्यांच्याबरोबर बांधलेले आहोत असे समजून, आठवण ठेवा. पैशाचा लोभ धरू नका. अग्नीसमोर कसे उभे राहावे याचे उत्तर लेखकाने या चार गोष्टींत दिले आहे. गुडघे टेकावेत की नाही, डोके झाकावे की नाही, याविषयी तेथे अक्षर नाही.

असे असले तरी बाह्य रीतींना किंमत नाही असे आम्ही म्हणत नाही. माणूस शरीराने जगतो, तेव्हा आदरही शरीराने दाखवितो. मराठी माणसाने ख्रिस्ती झाल्यावर हा आदर कोणत्या रीतीने दाखवावा, हा प्रश्न चारशे वर्षे चालत आलेला आहे, आणि त्याचा इतिहास आपल्या भाषेचाही इतिहास आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या अनेकांच्या कानांवरून गेल्या असतील. देवाविषयी आदराने बोलावयाचे तर ते ऐकणाऱ्याच्या भाषेत आणि त्याच्या कानाला ओळखीच्या छंदात बोलले पाहिजे, हे त्यांनी जाणले. पण त्याच काळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय होते, आणि १५६७ साली सासष्टीतली देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली होती. एकीकडे ओवी आणि एकीकडे सत्तेचा धाक. देवाचे भय आणि राज्यकर्त्याचे भय यांची गल्लत झाली की काय होते, याचे याहून जवळचे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या काळी मराठी मंडळ्यांतून परदेशी चालींवरची भाषांतरित गीते पुष्कळ गायिली जात. टिळकांनी अभंग, पदे आणि कीर्तने रचली, आणि टाळ-मृदंगाच्या संगतीला ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान दिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांची पदे आजही 'उपासना संगीत' या पुस्तकातून मंडळ्यांत गायिली जातात. त्यांच्या रचनांत ख्रिस्ताला माउली म्हणून हाक आहे. संतांनी विठ्ठलाशी जी सलगी केली तीच येथे आहे. तरीही त्या सलगीत पोरकटपणा येत नाही, कारण पदाचा गाणारा स्वतःला लहान म्हणवून घेतो. मूल आईच्या कडेवर असते तेव्हा ते आईच्या बरोबरीचे झालेले नसते.

पंडिता रमाबाईंचे केडगाव आपल्या जिल्ह्यातच, दौंड तालुक्यात आहे. दुष्काळात सापडलेल्या मुली-बायकांना आणून त्यांनी तेथे मुक्तिसदन वसविले. त्यांनी मूळ इब्री आणि ग्रीक भाषा अभ्यासून बायबलचे भाषांतर केले, आणि ते करताना साधी बाई वाचू शकेल अशी मराठी वापरण्याचा कटाक्ष ठेवला. खिळे जुळविणे, छपाई करणे ही कामे सदनातल्या बायकांनी केली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. ज्या बायकांना धान्याच्या दाण्यासाठी दारोदार फिरावे लागले होते त्यांच्या हातांनी तो ग्रंथ जुळविला गेला. शास्त्राचा याहून मोठा आदर कोणता असू शकेल? याच केडगावी १९०५ साली जे धर्मजागरण झाले त्यात शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापे कबूल करीत. आदर म्हणजे नेहमी शांतताच, अशी समजूत असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. कधी देवापुढे माणूस मुका होतो, कधी त्याला हुंदका आवरत नाही.

कॅथलिक पंथात पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला वाट करून दिली, आणि वसईपासून इकडे मराठी मिस्सा सुरू झाली. पुढे १९६९ साली भारतातील धर्माध्यक्षांच्या विनंतीवरून रोमने उपासनेत बारा भारतीय रीतींना संमती दिली. जोडे बाहेर काढणे, जमिनीवर बसणे, हात जोडून नमन करणे, पंचांग प्रणाम, आरती या त्यांतल्या काही. जळत्या झुडपापाशी मोशेला झालेली आज्ञा आपल्या देशात प्रत्येक उंबऱ्यावर पाळली जाते. मग ख्रिस्ती माणसानेच जोडे घालून का उभे राहावे, असा साधा विचार त्यामागे होता. यावर मतभेद झाले आणि आजही आहेत. आमच्या मते जोडे काढले म्हणून कोणी हिंदू होत नाही आणि घातले म्हणून कोणी साहेब होत नाही.

ज्यांनी ख्रिस्ती उपासना कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी तिचा क्रम थोडक्यात सांगतो. मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत रविवारी सकाळी लोक जमतात, तेव्हा पाळक प्रथम शास्त्रातील एखाद्या वचनाने उपासनेस आरंभ करतात. याचा अर्थ असा की येथे आपण आपल्या मर्जीने आलो नाही, बोलावलेले आलो आहोत. मग स्तुतीचे गीत होते. मग पापांगीकार होतो. सारी मंडळी, पाळकसुद्धा, आपण चुकलो असे एकत्र कबूल करते. येथे कोणाच्या हुद्द्याला सूट नाही. त्यानंतर क्षमेचे वचन वाचले जाते. शास्त्रवाचन आणि प्रवचन होते, दान गोळा केले जाते, आजाऱ्यांसाठी आणि देशासाठी प्रार्थना होते, आणि शेवटी आशीर्वाद घेऊन लोक बाहेर पडतात. हा क्रम यशयाच्या दर्शनासारखाच आहे : दर्शन, लाज, क्षमा, आणि मग कामावर रवानगी. अनेक मंडळ्यांत महिन्यातून एकदा प्रभुभोजन असते. एकच भाकरी मोडून सर्वांना दिली जाते आणि द्राक्षरसाचा प्याला फिरतो. ख्रिस्ती उपासनेतला सर्वांत भीडेचा क्षण तोच.

आणि नेमके तेथेच माणसे सर्वांत अधिक घसरली. करिंथ शहरातल्या पहिल्या पिढीच्या मंडळीत असे होऊ लागले की सधन लोक आधी येऊन खाऊन-पिऊन घेत आणि मजूर-गुलाम काम आटोपून येईपर्यंत त्यांच्यासाठी काही उरत नसे. पौलाने त्यांना खरमरीत लिहिले की हे प्रभूचे भोजन नव्हेच. तुम्ही ज्यांच्यापाशी नाही त्यांना लाजविता. ते भोजन अयोग्य रीतीने घेणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, हा प्रसिद्ध इशारा या प्रसंगी दिलेला आहे. त्या वेळी त्यांचा गुन्हा मोठ्याने बोलण्याचा किंवा मळक्या कपड्यांचा नव्हता. उपाशी माणसाची वाट न पाहणे हा तो गुन्हा होता.

आपल्या देशात हीच कसोटी जातीची झाली. ख्रिस्ती झाल्यावरही पंक्तीचा आणि पाण्याचा भेद मनातून जाणे सोपे नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त हे कोणताही आव न आणता सांगितले आहे. पती ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्या सोवळे सांभाळून वेगळ्या राहिल्या. पुढे जात ही देवाने केली की माणसाने, असा विचार त्यांनी आपणच आपल्याशी केला आणि तो भेद टाकला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. असा विचार करण्याचे धैर्य प्रत्येक मंडळीला झाले असे मात्र म्हणता येणार नाही. शेजारी कोण बसले आहे हे पाहून जो सरकून बसतो, त्याने देवापुढे कितीही मान लवविली तरी त्या लवण्याचा उपयोग काय?

याकोबाच्या पत्रात याविषयी दोन ठिकाणी लिहिले आहे, आणि दोन्ही आपल्या भागातल्या माणसाने वाचावी अशी आहेत. एका ठिकाणी तो म्हणतो की सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला तर त्याला तुम्ही चांगली जागा देता, आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी बसवता; हा पक्षपात म्हणजे पाप आहे. दुसऱ्या ठिकाणी तो धनिकांना बजावतो की ज्यांनी तुमच्या शेतांची कापणी केली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि ती ओरड सेनाधीश देवाच्या कानी गेली आहे. म्हणजे आपण रविवारी देवापुढे जाऊन जे बोलतो त्याच्या आधीच दुसरा एक आवाज तेथे पोहोचलेला असतो. आमोस या मेंढपाळ संदेष्ट्याने तर सांगून ठेवले आहे की न्याय नसेल तेथे देवाला उत्सव नकोत, अर्पणे नकोत, गाण्यांचा गोंगाटही नको.

माळेगावच्या शिवारात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत दोघे पहाटेपासून फडात असतात. नाताळ येतो तो ऐन हंगामात. गव्हाणीत जन्मलेल्या बाळाचे देखावे आपण मांडतो तेव्हा फडाच्या कडेला कोपीत एखादे खरेच मूल साखरेच्या रिकाम्या पोत्यावर निजलेले असते. हे आम्ही कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. कोणत्या एका कारखान्याची किंवा गावाची ही गोष्ट नाही, सगळ्या ऊसपट्ट्याची आहे. सांगण्याचा हेतू इतकाच की देवाच्या भयाचा विषय प्रार्थनामंदिराच्या चार भिंतींत मावत नाही. ज्याच्या जन्मापुढे आपण गुडघे टेकतो तो जन्मला तेव्हा त्याच्या आईबापांना उतरावयास जागा मिळाली नव्हती.

कोणी विचारील की मग उपासनेची गरजच काय? न्यायाने वागावे, मजुरी वेळेवर द्यावी, झाले. चळवळीतले आमचे कित्येक सोबती असेच म्हणतात, आणि त्यांच्या निष्ठेविषयी आम्हांस शंका नाही. आमचे उत्तर अनुभवाचे आहे. जो दुसऱ्यासाठी लढतो त्याला काही काळाने आपणच मोठे वाटू लागतो. सभेत टाळ्या पडतात, लोक पाया पडू लागतात, आणि कालपर्यंत ज्यांच्यासाठी आपण भांडलो त्यांच्यावरच आपण खेकसू लागतो. पुढारी हाही एक लहानसा फारोच व्हावयास लागतो. अशा माणसाला आठवड्यातून एकदा अशा ठिकाणी उभे राहिले पाहिजे की जेथे त्याचा हुद्दा चालत नाही, जेथे त्याला आपला दोष सर्वांबरोबर मोठ्याने म्हणावा लागतो, आणि ज्याला काल त्याने दाराबाहेर ताटकळत ठेवले त्याच्या हातून भाकरीचे ताट पुढे घ्यावे लागते. मालकालाही हे हवे आणि पुढाऱ्यालाही हवे. दबलेल्या माणसाला तर ते दुप्पट हवे, कारण साहेबाच्या खुर्चीहून उंच असे एक सिंहासन आहे आणि त्यापुढे आपल्याला सरळ जाता येते, हे त्याला तेथेच कळते.

म्हणून "देवाचे भय धरा" आणि "माणसाला भिऊ नका" ही दोन सांगणी आम्हांस परस्परविरुद्ध वाटत नाहीत. दुसरे पहिल्यावर उभे आहे. तरुणांस आम्ही एवढेच सुचवू की हा शब्द टाकून देण्यापूर्वी त्याची कसोटी घ्या. ज्या भयाने तुमची मान गरिबापुढे ताठ आणि धनिकापुढे वाकडी होते ते देवाचे भय नव्हे, त्याला कोणी कितीही मंत्र-गीतांनी सजवो. ज्या भयाने गर्विष्ठ माणूस खाली बसतो आणि भ्यालेला माणूस उठून उभा राहतो, ते ओळखावे आणि जपावे. प्रार्थनामंदिराच्या उंबऱ्यावर जोडे काढावेत, आवाज खाली आणावा, शेजाऱ्यासाठी जागा करावी; आणि बाहेर पडल्यावर ज्याचे देणे असेल त्याचे ते सूर्य मावळण्यापूर्वी द्यावे, कारण अनुवादाच्या पुस्तकात मजुराच्या मजुरीविषयी आज्ञा आहे ती अशीच.